आठव्या दिवशी घरी: नाशिकमधल्या एका चाकूहल्ल्याचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एका मुलाचं नाही. शहरातल्या चाकूहल्ल्यांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते एका जागी आणून रचलं आहे, म्हणून यात नाव नाही, पोलीस ठाणं नाही, रुग्णालयही नाही. वेळा आणि मापं मात्र अशा प्रसंगांत जशी असतात तशीच ठेवली आहेत. कॅज्युअल्टीतले डॉक्टर, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, आयटीआयचे निदेशक आणि गल्लीतला एखादा समजूतदार मोठा भाऊ, या सगळ्यांच्या वाट्याचं काम यात आहे.

पहिली ३५ मिनिटं

मुलगा १७ वर्षांचा, वजन साधारण ५० किलो, आयटीआयला फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षात. वडील अंबडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, आई चार घरची धुणीभांडी करते, बहीण दहावीला. शनिवारी रात्री पावणेअकराला सिडकोतल्या एका चौकात, बंद पिठाच्या गिरणीसमोर, मित्राचा वाढदिवस चालला होता. मोटारसायकलच्या सीटवर केक, मोबाईलवर गाणी. एका इन्स्टाग्राम स्टोरीवरून तीन आठवडे दुसऱ्या टोळक्याशी खुन्नस सुरू होती. दोन गाड्यांवर तिघे आले. सगळा प्रकार मिनिटभरात आटोपला.

मांडीतून भळाभळा रक्त येत होतं. मित्रांनी खिशातला रुमाल मांडीभोवती गाठ मारून बांधला. चूक इथेच होते, आणि ती अगदी चांगल्या मनाने होते. सैल गाठीने फक्त शिरा दाबल्या जातात, खोलवरची धमनी दाबली जात नाही. म्हणजे पायात रक्त जात राहतं, परत फिरू शकत नाही आणि जखमेतून आणखी जोरात बाहेर पडतं. करायचं ते सोपं आहे: स्वच्छ कापडाची घडी जखमेच्या आत ठासून भरायची, दोन्ही हात ताठ ठेवून अंगाचा भार टाकायचा आणि रुग्णालय येईपर्यंत हात उचलायचा नाही. ‘थांबलं का बघू’ म्हणून दर मिनिटाला कापड उचललं की धरलेली गुठळी निघते. दाबूनही थांबत नसेल तरच आवळपट्टी: चार बोटं रुंद पट्टी, जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांधा सोडून. तिच्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. दुखतं म्हणून ती सैल करायची नाही. हळद, कॉफी, चुना यातलं काहीही जखमेत जाऊ नये. हत्यार अंगात रुतलेलं असेल तर ते उपसू नये.

१०८ ला कुणी फोन केला नाही. ‘पोलीस विचारतील’ ही भीती. दोघांच्या मध्ये बसवून ट्रिपल सीट त्याला जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे दारातच ‘एमएलसी केस आहे, सरकारीत न्या’ असं सांगितलं गेलं. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावं लागणारं प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं आहे की जखमीचा जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. हे बंधन सरकारी डॉक्टरवर आहे तसंच खासगीवरही. छोट्या दवाखान्याकडून शस्त्रक्रियेची अपेक्षा कुणी करत नाही. पण जखम गॉजने ठासून भरणं, ऑक्सिजन लावणं आणि १०८ बोलावणं एवढं दहा मिनिटांत होतं. तिथे बारा मिनिटं गेली, पुढे रिक्षा. कॅज्युअल्टीच्या दारात पोचला तेव्हा ११ वाजून २० मिनिटं झाली होती.

काळा टी-शर्ट

नाडी १३२, रक्तदाब ८४/५६, श्वास मिनिटाला ३०, हात थंडगार. ५० किलोच्या माणसात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. रक्तदाब इतका खाली येतो तेव्हा त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एक लिटरहून अधिक गेलेलं असतं. तरुण मुलाचं शरीर बराच वेळ रक्तदाब धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. म्हणून नाडी वेगात असताना नुसत्या ‘बीपी नॉर्मल’वर विसंबू नये.

सगळ्यांचे डोळे मांडीवर. रुमाल सोडला, जखम गॉजने भरली, वर हात दाबला, रक्त थांबलं. दोन्ही हातांना १६ नंबरच्या करड्या सुया लागल्या, अर्धा लिटर सलाईन गेलं. तरी रक्तदाब वर येईना, ऑक्सिजन ९१ वर. मांडी थांबली आहे तर रक्त जातंय कुठे? हा प्रश्न ज्याला वेळेवर पडतो तो रुग्ण वाचवतो.

मुलाच्या अंगात काळा टी-शर्ट होता. काळ्या कापडावर रक्त दिसत नाही, ते फक्त ओलं लागतं. चौघांनी मिळून त्याला एका अंगावर वळवलं तेव्हा डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली दीड सेंटीमीटरची चीर सापडली. कडा मिटलेल्या, बाहेर थेंबभरही रक्त नाही. सगळं आत, छातीत. घड्याळात ११:३४. तपासणीतली चौदा मिनिटं या चिरेने खाल्ली.

भोसकलेल्या प्रत्येक रुग्णाचे सगळे कपडे पहिल्या पाच मिनिटांत काढायचे आणि पाठ, काखा, नितंब, जांघा, डोक्यावरचे केस एवढ्या जागा बोट फिरवून बघायच्या. गर्दीत वार करणारा एकदाच मारून थांबत नाही आणि मार खाणाऱ्याला किती वार बसले ते कळत नाही. ‘दोनच लागलेत’ हे मित्रांचं सांगणं नोंदवावं, त्यावर विसंबू नये. छातीच्या जखमेत सळई किंवा बोट घालून खोली मोजायचा मोह टाळावा.

सोनोग्राफीत डाव्या छातीत रक्त दिसलं. पाचव्या फासळीफटीत, काखेच्या मधल्या रेषेच्या किंचित पुढे, २८ नंबरची नळी टाकली. लगेच ७०० मिली रक्त आलं, पुढे तासाला ६० मिलीपर्यंत उतरलं. एकदम १५०० मिलीच्या वर आलं असतं किंवा तासाला २०० मिली या वेगाने दोन ते चार तास येत राहिलं असतं, तर छाती उघडावी लागली असती. गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, नंतरचा १ ग्रॅम आठ तासांत. हे औषध वार झाल्यापासून तीन तासांच्या आतच द्यायचं. २० हजारांहून अधिक रुग्णांच्या क्रॅश-२ चाचणीत (२०१०) लवकर दिलेल्यांत मृत्यू घटले, तीन तासांनंतर दिलेल्यांत मात्र रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. सलाईन तिथेच थांबवून रक्ताच्या दोन पिशव्या आणि प्लाझ्माच्या दोन दिल्या. जास्त सलाईनने रक्त पातळ होतं, अंग गार पडतं आणि धरलेली गुठळी सुटते. डोक्याला मार नसेल तर रक्तस्राव बांधला जाईपर्यंत वरचा रक्तदाब ८० ते ९० पुरतो. अंगावर ब्लँकेट हवंच, नाशिकच्या थंडीत तर रिक्षातूनच मूल गार होऊन येतं.

मांडीतली स्नायूची एक धमनी ऑपरेशन थिएटरमध्ये बांधली. पायाची नाडी शाबूत होती. आता जीवाचा धोका टळला, असं म्हणायला हरकत नव्हती.

करंगळी

तिसरा वार डाव्या मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला. चेहरा वाचवायला हात आडवा घातला की तो इथेच बसतो. सहा सेंटीमीटरची सरळ चीर, रक्त फार नाही. रात्री दोन वाजता थकलेला डॉक्टर असल्या जखमेला सहा टाके घालून मोकळा होतो आणि मुलगा जन्माचा अधू होतो.

भूल देण्याआधी कापसाचं टोक करंगळीच्या पेरावर फिरवायचं, रुग्णाला डोळे मिटायला लावून ‘लागतंय का’ विचारायचं. मग बोटं फाकवायला लावून चिमटीत कागद धरून ओढून बघायचा. भूल दिल्यावर ही तपासणी निरर्थक. या मुलाला करंगळी कळत नव्हती आणि कागद सुटत होता. करंगळीची जाणीव आणि बोटांची ताकद सांभाळणारी अल्नर नस तुटली होती. ती दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक सर्जनने जोडली. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. तिथून करंगळीच्या टोकापर्यंत १५-१६ सेंटीमीटर, म्हणजे पाच महिन्यांहून जास्त. फिटरला कानस दोन्ही हातांनी चालवावी लागते. त्याचं वर्ष, त्याची ॲप्रेंटिसशिप, घरात येणारा दुसरा पगार असं सगळं त्या करंगळीला बांधलेलं होतं. पुढे सूडाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा ‘जाऊ दे, शिकून घे’ हे सांगणं सोपं का नव्हतं ते यावरून कळावं.

कागद

एमएलसीत प्रत्येक जखमेची जागा एखाद्या हाडाच्या खुणेपासून मोजून, लांबी-रुंदी, कडा सरळ की फाटलेल्या, असं लिहायचं. कपडे कापताना चाकूच्या भोकातून कात्री घालू नये, बाजूने कापावं. रक्ताने ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की त्यांना बुरशी येते आणि पुरावा जातो. वाळवून कागदी पाकिटात, सील करून, पोलिसांची सही घेऊनच द्यायचे. जबाब घेण्याआधी रुग्ण शुद्धीवर आणि सक्षम आहे हे डॉक्टरने वेळेसह लिहावं.

मुलगा अठराच्या आतला. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बालकाचं नाव, फोटो, शाळा काहीही प्रसिद्ध करता येत नाही. तरी रात्री दीडपर्यंत वॉर्डातल्या खाटेवरचा त्याचा फोटो तीन ग्रुपवर फिरला होता, आणि तो त्याच्याच मित्राने काढलेला होता. या एका फोटोने हल्ला करणाऱ्यांना वॉर्ड कळला आणि मित्रांच्या सूडाला कारण मिळालं. कॅज्युअल्टीत रुग्णासोबत दोन माणसं, बाकी फाटकाबाहेर, मोबाईल खिशात: हा नियम उद्धटपणाचा वाटतो, पण तो रुग्णाच्या जीवासाठी आहे. अशा रुग्णाला दारापासून लांबची खाट द्यावी, दारावरच्या फलकावर नाव लिहू नये आणि सुरक्षारक्षकाला भेटायला येणाऱ्यांची छोटी यादी द्यावी.

पैशाचं लवकर बघावं. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात का, ते पहिल्याच सकाळी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार लागतं. गुन्ह्यातल्या पीडिताला भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९६). हे बहुतेक आईवडिलांना कुणी सांगतच नाही.

पडद्याआड

अशा मुलाला पुन्हा वार बसण्याचा किंवा त्याच्या हातून बसण्याचा धोका मोठा असतो, आणि घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या शॉक ट्रॉमा सेंटरमधले सर्जन कार्नेल कूपर यांनी तेच रुग्ण पुन्हा पुन्हा टेबलावर येताना पाहून १९९८ मध्ये तिथे खाटेपासूनच हिंसा रोखायचा कार्यक्रम सुरू केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, वारंवार हिंसेत जखमी झालेल्या १०० जणांपैकी ज्यांना हे साहाय्य मिळालं त्यांच्यात पुन्हा जखमी होऊन येण्याचं प्रमाण ५ टक्के होतं, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात ३६ टक्के. अभ्यास लहान आहे आणि तिथे बंदूक आहे, इथे कोयता. पण खाटेवरचा मुलगा काही दिवस ऐकायच्या मनःस्थितीत असतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.

वेळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. वेदना आटोक्यात, गुंगी उतरलेली, आई चहाला गेलेली. समाजसेवा अधीक्षक बाईंनी पडदा ओढला, स्टूल घेऊन खाटेच्या उंचीवर बसल्या. पहिलं वाक्य मर्यादेचं: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण कुणाचा जीव जाणार असेल तर मला सांगावंच लागेल. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊन बसलेला माणूस नंतर एक तर विश्वास मोडतो नाही तर जीव गमावतो.

‘मी पोलिसांना सांगितलंय तेवढंच आहे, मॅडम.’

‘पोलिसांसाठी नाही विचारत. घरी कुठल्या रस्त्याने जाणार?’

बराच वेळ काही नाही. मग, ‘टाकीवरून नाही जाता येणार आता.’

‘आणि आयटीआयला?’

‘ते पण तिकडूनच.’

‘मित्र काय म्हणतात?’

‘म्हणतात, तू फक्त हो म्हण.’

‘तू काय म्हणालास?’

‘अजून काय नाही.’

खरं काम या ‘अजून काय नाही’ पासून सुरू होतं. ‘तू तिथे कशाला गेलास’ हा प्रश्न विचारला असता तर मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपला असता. रस्त्याचा प्रश्न त्याला दोषी ठरवत नाही. त्याच्या शहराचा नकाशा किती आक्रसला आहे, ते मात्र त्यातून दिसतं.

मांडवली नव्हे

‘हो’ म्हणायची वाट बघणारे पाच जण फाटकाबाहेर होते. त्यांना थांबवायला बाहेरचा माणूस चालत नाही. शिकागोत साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी हिंसा साथीसारखी पसरते असं धरून, त्याच वस्तीतले आणि त्या पोरांना माहीत असलेले लोक मध्ये घालायची पद्धत उभी केली. इथे असा माणूस शोधताना लोक मंडळाच्या भाईकडे किंवा कुणा पुढाऱ्याच्या माणसाकडे जातात. आमच्या मते हा सगळ्यांत महागडा रस्ता. तो भांडण मिटवतो, पण मुलगा त्याचा देणेकरी होतो आणि पुढच्या राड्यात उभा करायला एक पोरगा त्याला आयता मिळतो.

या मुलाचा २६ वर्षांचा आतेभाऊ कंपनीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) काम करत होता, पोरं त्याला दादा म्हणायची. त्याने पाचही जणांना एकेकटं गाठलं. टोळक्यात कुणी माघार घेत नाही, एकटा असताना घेतो. त्याने समजावण्याचे धडे दिले नाहीत. त्याचं मागणं ठरावीक होतं: फोटो आणि ‘बदला’ची रील आज काढा, आठवडाभर त्या चौकात जायचं नाही, आणि कुणाचं डोकं फिरलं तर आधी मला फोन. दोघांनी लगेच ऐकलं, दोघांनी कुरकुरत. पाचवा ऐकला नाही.

समोरच्या बाजूनेही पहिल्याच आठवड्यात निरोप आला: तक्रार मागे घ्या, दवाखान्याचा खर्च देतो. इथे आईवडिलांना दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागतात. पुन्हा मारामारी करायची नाही, हे ठरवणं चांगलं. पण न्याय संहितेच्या कलम १०९ खालचा, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दोघांनी आपसांत मिटवला म्हणून मिटत नाही. पैसे घेऊन साक्ष फिरवली की मुलगा अडकतो, आणि पुढच्या वेळी वार करणाऱ्याला त्याची किंमत कळलेली असते.

घरी गेल्यावर

नळी चौथ्या दिवशी निघाली, आठव्या दिवशी घरी. आईचं म्हणणं, निफाडला मामाकडे पाठवते. वाईट विचार नव्हे. रक्त थंड व्हायला पंधरा दिवस मिळतात. पण हाताचा व्यायाम बुडतो, हजेरी जाते, आणि परत आला की ‘पळाला होता’ हे ऐकावं लागतं. ठरलं ते असं: टाके निघेपर्यंत मामाकडे, मग परत, आयटीआयला वेगळ्या रस्त्याने, वडिलांच्या कंपनीच्या बसमधून थांब्यापर्यंत. निदेशकांनी सहा महिने कानशीचं काम टाळून मोजमाप आणि ड्रॉइंग पुढे घेण्याचं मान्य केलं. या एका गोष्टीने वर्ष वाचलं.

फोन दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याला. तिसऱ्या आठवड्यात नंबर बंद. नऊ दिवस. हे जवळजवळ ठरलेलंच असतं: सिम बदलतात, मोबाईल विकतात. डिस्चार्जच्या वेळी बहिणीचा आणि आतेभावाचा नंबर घेतला होता म्हणून धागा तुटला नाही. एकच नंबर लिहून घेणं म्हणजे पाठपुरावा न करणं.

बहिणीने सांगितलं की तो रात्री उठून दाराची कडी तपासतो, आणि बुलेटचा फटाका वाजला की जिन्याखाली जाऊन उभा राहतो. पहिल्या महिन्यात असं होणं स्वाभाविक. त्या काळात पकडून ‘सगळं बोलून टाक’ म्हणणं उपयोगाचं नाही, कधी त्रासच वाढतो. झोप, जेवण, सोबत एवढं सांभाळावं. महिना उलटूनही हे टिकलं तर मानसोपचार विभाग. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. या मुलाला पाचव्या आठवड्यात पाठवावं लागलं. तीन भेटींनंतर तो झोपू लागला, बुलेटला मात्र अजून दचकतो.

पाचवा मित्र तिसऱ्या महिन्यात कोयत्यासह पकडला गेला, बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला. आतेभाऊ त्याच्याही आईला भेटून आला.

आयटीआयत नंतर ४० मिनिटांचं सत्र झालं. कुणीतरी सुचवलं होतं की पोरांना जखमांचे फोटो दाखवा, तुरुंग दाखवा, घाबरतील. अमेरिकेत मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे असे कार्यक्रम पडताळून पाहिले गेले तेव्हा त्यांतल्या मुलांकडून गुन्हे कमी नाही, जास्त झाले. फोटोंऐवजी पोरांना कापडात गॉज ठासायला, पट्टीला पीळ द्यायला आणि १०८ ला पत्ता सांगायला शिकवलं. पत्ता सांगताना निम्मे अडखळले: चौकाचं नाव माहीत, पण खुणेचं दुकान सांगता येईना.

रजिस्टर

तोच अडथळा रुग्णालयाच्या रजिस्टरमध्येही आहे. त्या रात्रीची नोंद होती: ‘मारहाण, सिडको’. वेल्समधल्या कार्डिफमध्ये मुख-जबड्याचे सर्जन जोनाथन शेफर्ड यांना दिसलं की रुग्णालयात येणाऱ्या मारहाणीचा मोठा भाग पोलिसांच्या नोंदीत येतच नाही. तिथे स्वागतकक्षातले कर्मचारीच येणाऱ्या जखमीला नेमकी जागा, वेळ आणि हत्यार विचारून नोंदवू लागले. नावं काढून ती माहिती पोलीस आणि पालिकेला नियमित जाऊ लागली, आणि त्यावरून गस्त कुठे घालायची, कुठल्या रस्त्यावर काय बदलायचं ते ठरू लागलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत तिथे हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्के कमी आढळलं.

यासाठी नाशिकला नवं यंत्र लागत नाही, आहे त्या रजिस्टरमध्ये एक रकाना लागतो. केसपेपर काढणाऱ्या कारकुनाला शिकवायला एक दुपार पुरेल. महिन्याच्या शेवटी नाव, वय, पत्ता गाळून फक्त तो रकाना पोलीस आयुक्तालयाकडे आणि महापालिकेच्या विद्युत विभागाकडे जावा. त्या रात्रीची नोंद अशी हवी होती: ‘बंद पिठाच्या गिरणीसमोर, दिव्याचा खांब बंद, शनिवार, रात्री १०:४५, चाकू, तिघे, दोन गाड्या.’